उभ्या गाडीची धडक

मोटारीच्या दाराने सायकलवरून खाली पाडल्यावर रस्त्यात बसल्या बसल्या अप्पा जे पहिलं वाक्य बोलले, ते असं : "माझंच चुकलं."

दुसरं वाक्य : "तुमच्या दाराला काही लागलं नाही ना?"

आणि मग खिशातून रुमाल काढून, ज्या हाताचं हाड नुकतंच मोडलं होतं त्याच हाताने, त्यांनी ते दार पुसलं.

पुढचं सगळं लचांड या दोन वाक्यांनी आणि एका रुमालाने उभं केलं. पण अप्पांना दोष देण्याआधी त्यांची नोकरी काय होती ते बघायला हवं. अप्पांचं सगळं आयुष्य पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे गेलं. नळाला पाणी नाही हे सांगायला येणारा माणूस भांडायलाच आलेला असतो. वाक्यं तो घरूनच जुळवून आणतो. त्याने तोंड उघडायच्या आत खिडकीतून "आमचंच चुकलं" असं ऐकू आलं, की त्याची सगळी वाक्यं फुकट जातात. तो ओशाळतो, "नाही, तसं काही नाही," असं पुटपुटतो आणि निघून जातो. पाणी येत नाही ते येतच नाही, पण रांग पुढे सरकते. खात्यात अप्पांच्या खिडकीची रांग सगळ्यांत वेगात सरकायची. त्यांचा या एका गोष्टीसाठी सत्कारही झाला होता.

ही युक्ती घरी मात्र कधी लागू पडली नाही. "माझंच चुकलं," असं अप्पांनी म्हटलं की त्यांची बायको हातातलं काम बाजूला ठेवायची आणि शांतपणे म्हणायची, "काय चुकलं ते सांगा."

ती शाळेत शिवण शिकवायची. टाका चुकला एवढं म्हणून तिच्या वर्गात भागत नसे, कुठला चुकला ते बोट ठेवून दाखवावं लागे. अप्पांना बोट ठेवता यायचं नाही. ते पंख्याकडे बघायचे. खिडकीवर हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता.

ती गेली. त्यानंतर हा प्रश्न विचारणारं घरात कुणी उरलं नाही आणि अप्पांचं "माझंच चुकलं" मोकाट सुटलं. भाजीवाल्याने नासका टोमॅटो दिला, तरी अप्पाच माफी मागू लागले.

सायकल तिची होती. बायकांची सायकल, पुढे टोपली, आणि सीटला हिरव्या कापडाचं कव्हर. घराच्या पडद्यांतून उरलेल्या कापडाचं तिने ते शिवलं होतं. त्यामुळे सायकल जिन्याखाली उभी असली तरी ती याच घरातली आहे हे कुणालाही कळत असे. ती गेल्यावर सायकल तिथेच उभी राहिली. मग कोपऱ्यावरचा सायकलवाला एकदा म्हणाला, "अप्पा, उभी ठेवली की टायर बसतात. चालवत जा." टायर बसू नयेत म्हणून अप्पा हवा भरायला लागले. हवा भरलीच आहे तर इमारतीला एक चक्कर मारायला लागले. चक्कर मारतोच आहोत तर पाव आणायला लागले. पुढे पुढे पाव नको असला तरी आणायला लागले. घरात पाव साठू लागले, ते शेजारी वाटू लागले. सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, मग ते पावासाठी का असेना, ही गोष्ट त्यांना बरी वाटत होती.

असेच ते पाव घेऊन परत येत होते. रस्त्याच्या कडेने, आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासमोर गाडी लावली होती. त्यांनी उतरण्यासाठी दार उघडलं, आणि अप्पा ज्या हवेतून जाणार होते त्या हवेत अचानक दार आलं.

डॉक्टर भला माणूस. धावत बाहेर आले, अप्पांना उठवलं आणि सवयीने विचारलं, "कुठे दुखतंय? वर की खाली?"

चौकातला हवालदार आला. त्याने वही काढली. "गाडी चालू होती का?"

"नाही, उभी होती," डॉक्टर म्हणाले.

"आणि सायकल?"

"चालू होती," अप्पा म्हणाले.

हवालदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे उभ्या गाडीला तुम्ही धडकलात."

"नाही हो, दार…" डॉक्टर काहीतरी बोलू लागले, पण तेवढ्यात अप्पांनी नेहमीची खिडकी उघडली. "जाऊ द्या साहेब. माझंच चुकलं."

हवालदाराने ते लिहून घेतलं. त्याचं काम लवकर संपलं म्हणून त्याने अप्पांकडे कौतुकाने पाहिलं. रांग पुढे सरकली होती.

उजव्या मनगटाला प्लास्टर पडलं. सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकडं झालं आणि ते धरणारा चिमटाही मुरगळला. आणि संध्याकाळी मुलगी आली.

मुलगी आईवर गेली होती. तिने आधी प्लास्टर पाहिलं, मग सायकल पाहिली, मग खुर्ची ओढून समोर बसली. "बाबा, चूक कुणाची होती?"

"जाऊ दे गं. माझंच…"

"हे बघा," ती म्हणाली. "तुमची चूक असेल तर याचा अर्थ तुम्हाला आता रस्त्यावर सांभाळता येत नाही. मग ही सायकल भंगारवाल्याकडे जाईल. मी स्वतः देऊन येईन. आणि चूक गाडीवाल्याची असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. खुशाल चालवा. पण ते ठरू दे. तुमच्या तोंडून नाही. जिथे ठरतं तिथे."

आता अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. हाड मोडलं तेव्हा ते एवढे घाबरले नव्हते. त्यांनी सायकलच्या हिरव्या सीटकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःची चूक नव्हती असं सिद्ध करायला ते कंबर कसून उभे राहिले. अनुभव शून्य होता.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. सगळ्यांत मोठा सल्लागार म्हणजे वरच्या मजल्यावरचे 'न्यायमूर्ती'. हे गृहस्थ आयुष्यभर कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करत होते. आवाज दणदणीत. कायद्याचं ज्ञान भरपूर, पण ते सगळं दारातून ऐकलेलं. त्यामुळे प्रत्येक खटल्याची सुरुवात त्यांना तोंडपाठ होती आणि शेवट एकाचाही माहीत नव्हता, कारण तोपर्यंत ते पुढच्याला हाक मारायला गेलेले असत.

"नुकसानभरपाईचा दावा ठोका!" त्यांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. तीन मजल्यांवरची दारं उघडली. "सायकलवाल्याला रस्त्यावर पूर्ण हक्क आहे! अशीच एक केस आमच्याकडे आली होती."

"मग काय झालं त्यात?" अप्पांनी आशेने विचारलं.

"पुढे साहेबांनी दार लावायला सांगितलं," न्यायमूर्ती म्हणाले.

समोरच्या काकूंचा सल्ला वैद्यकीय होता. "नुसत्या हाताने काय होतंय? हात सगळेच मोडतात. मानेला पट्टा लावा. पट्टा बघितला की समोरच्याचं काळीज हलतं. माझा आहे, घेऊन जा." आणि अप्पा नको म्हणायच्या आत त्यांनी आपला पट्टा आणून अप्पांच्या गळ्यात अडकवला. काकूंची मान बारीक. अप्पांना त्या पट्ट्यात मान वळवता येईना की खाली बघता येईना. जिना उतरताना पायऱ्या त्यांना पायानेच चाचपाव्या लागल्या.

डॉक्टरांच्या गाडीचा विमा ज्या कंपनीकडे होता, त्या कंपनीत अप्पा तसेच गेले. खिडकीसमोर रांग होती. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूला उभे राहिले आणि त्यांना एक साक्षात्कार झाला : या बाजूला पंखा नसतो.

नंबर आला. खिडकीतला तरुण हसून म्हणाला, "सॉरी काका, आमचीच चूक आहे, जरा उशीर झाला."

अप्पा विरघळले. "नाही, तसं काही नाही," असं पुटपुटून ते परत फिरले आणि पार रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काम तर झालंच नाही. एवढी वर्षं आपण लोकांचं काय करत होतो हे त्यांना त्या फुटपाथवर कळलं. ते पुन्हा रांगेत उभे राहिले.

दुसऱ्या वेळी अर्ज घेतला गेला, पण सही जुळेना.

"पेन्शनच्या कागदावरची सही वेगळी आहे काका."

"ती उजव्या हाताची आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे."

"मग प्लास्टर निघालं की या."

"पण अर्जाची मुदत तर त्याआधीच संपते."

"हो," तरुण म्हणाला. त्याला त्यात काही अडचण दिसत नव्हती. "नाहीतर अंगठा द्या."

"अंगठाही प्लास्टरमध्येच आहे."

"डावा चालेल."

ज्या माणसाने हजारो अर्जांवर झोकात सही केली, त्याने शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकवला. पट्ट्यामुळे मान खाली घालायचीही सोय नव्हती. अप्पांनी ताठ मानेने अंगठा दिला.

मग कंपनीच्या वैद्यकीय तपासनीसाकडे पाठवणी झाली. तपासनीसांनी हात पाहिला, क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरला, मान डोलावली. मग पट्ट्याकडे बोट दाखवून विचारलं, "मान फार दुखते का?"

"माझी नाही," अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले. "ही समोरच्या काकूंची दुखते."

तपासनीसांनी फोटो खाली ठेवला. "तुम्हाला डोक्याला मार लागला होता का?"

इकडे सायकलवाला रोज विचारत होता, "अप्पा, आणताय ना? चाक बसवून टाकतो." पण न्यायमूर्तींनी सक्त ताकीद दिली होती : सायकल हा पुरावा आहे, पुराव्याला हात लावायचा नाही. पुरावा जिन्याखाली ठेवला तर छेडछाड होईल, म्हणून तो बैठकीच्या खोलीत आणला गेला. सायकल सोफ्याला टेकून उभी राहिली. पाहुण्याला बसायला जागा उरली नाही, पण अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी चहा घेताना ते तिच्यासमोर बसत. हिरवे पडदे, हिरवी सीट. खोली भरल्यासारखी वाटत होती. एकदा चुकून त्यांनी चहाचे दोन कप ओतले. दुसरा मग न्यायमूर्तींना हाक मारून दिला.

कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की वाहन उभं होतं, सबब त्याने कुणाला धडक देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सायकल ही वाहन या व्याख्येत बसत नाही. आणि मुख्य म्हणजे, अर्जदाराने घटनास्थळी 'माझंच चुकलं' असे स्वच्छ शब्दांत कबूल केलं आहे. तरीही अर्जदाराचं समाधान नसल्यास त्याने तडजोड अधिकाऱ्यांसमोर सुनावणीला हजर राहावं, येताना मूळ सायकल आणावी.

"नडलीच शेवटी तुमची जीभ!" न्यायमूर्ती गरजले. "आता सराव करावा लागणार."

सराव इमारतीच्या अंगणात झाला. मीटरच्या कपाटाचं दार हे मोटारीचं दार. न्यायमूर्ती दातांचे डॉक्टर. अप्पा सायकलविना सायकलस्वार. काकू रस्त्यावरची रहदारी. न्यायमूर्तींनी दार इतक्या जोशात उघडलं की ते रहदारीच्या कोपराला लागलं.

"आई गं!" काकू ओरडल्या.

"माझंच चुकलं," अप्पा म्हणाले. ते दारापासून चांगलेच लांब उभे होते.

न्यायमूर्तींनी कपाळाला हात लावला. "अप्पा, उद्या एक वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये. कुठलं?"

"माझंच चुकलं."

"बघा! बोललात!"

"हो की. माझंच चुकलं."

काकू कोपर चोळत म्हणाल्या, "यांना उद्या तोंडाला पट्टा लावा. मानेचा माझा मला परत द्या."

सुनावणीच्या दिवशी मुलगी सुट्टी घेऊन आली. सायकल टेम्पोत घालून चौघं निघाले. काकू रहदारीच्या वतीने साक्ष द्यायला तयार होऊन आल्या होत्या. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टपाशी पहारेकरी आडवा आला. "सायकल लिफ्टमध्ये नेता येणार नाही."

"का?" मुलीने विचारलं.

त्याने पाटीकडे बोट दाखवलं. "वाहन न्यायला बंदी आहे."

न्यायमूर्तींचे डोळे चमकले. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा. सायकल काय आहे?"

"वाहन आहे," पहारेकरी म्हणाला. "मग काय मांजर आहे?"

"याला वर घेऊन चला!" न्यायमूर्ती ओरडले. "हा आपला साक्षीदार आहे!"

पहारेकरी जागा सोडून यायला तयार नव्हता. शेवटी मुलीने पुढचं वाकडं चाक धरलं, न्यायमूर्तींनी मागचं, आणि वाहन या व्याख्येत न बसणारी सायकल वाहन असल्यामुळे जिन्याने वर गेली. अप्पा एका हाताने सीट धरून चालले होते. तशी मदत होत नव्हती, पण त्यांना ती सोडवत नव्हती.

खोलीत लांब टेबल होतं, त्यावर काच, आणि भोवती चाकांच्या खुर्च्या. टेबलाच्या टोकाला अधिकारी बाई. बांधा लहान, चष्मा मोठा, केस पांढरे व्हायला लागलेले. एका बाजूला कंपनीचा माणूस, त्याच्यामागे स्टुलावर कागदांचा ढीग. त्याच्या शेजारी दातांचे डॉक्टर ओठ घट्ट मिटून बसले होते. त्यांनी अप्पांना पाहून मान हलवली, डोळ्यांनी हाताची चौकशी केली, पण बोलले नाहीत. कंपनीने त्यांना बजावलं होतं : काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. त्या धंद्यातल्या माणसाला ही शिक्षा जरा जास्तच होती.

कंपनीचा माणूस तयारीचा होता. त्याने उभी गाडी सांगितली, व्याख्या सांगितली, मानेचा पट्टाही सांगितला. पट्ट्याच्या वेळी काकूंनी छताकडे पाहिलं. "आणि मॅडम, सगळ्यांत शेवटी हे. यांनी स्वतःच्या तोंडाने कबुली दिली आहे. पोलिसांच्या नोंदीत आहे. एक मिनिट, दाखवतो."

नोंद मागच्या ढिगात होती. ती घ्यायला तो खुर्चीसकट झपकन मागे सरकला. अप्पा टेबलाला वळसा घालून आपल्या जागेकडे चालले होते. सायकल भिंतीला नीट टेकली आहे ना, हे बघायला ते मघाशी उठले होते. खुर्चीचं चाक त्यांच्या पायाच्या बोटांवरून गेलं.

"माझंच चुकलं," अप्पा म्हणाले.

न्यायमूर्तींनी डोळे मिटले. मुलीने ओठ दाबले. कंपनीच्या माणसाचा चेहरा असा उजळला, की जणू ढिगातला कागद आपण होऊन त्याच्या हातात आला होता. "ऐकलंत मॅडम?"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून काचेवर ठेवला. अप्पांकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "काय चुकलं ते सांगा."

अप्पा जागच्या जागी थांबले.

तेच शब्द. आवाज वेगळा होता, बाई वेगळी होती, पण हातातलं काम बाजूला ठेवण्याची रीत तीच. अप्पांनी सवयीप्रमाणे वर पाहिलं. वर पंखा होता, तो फिरत होता, आणि त्याच्यावर आजही काही लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला सायकल टेकली होती. हिरव्या कव्हरच्या कडेला बारीक, सरळ टाके होते. त्यातला एकही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

बाई थांबल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. मागे रांग नव्हती.

"काही नाही," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"माझं काही चुकलं नाही." वाक्य नवीन होतं, ते त्यांनी जरा चाचपत म्हटलं, पट्टा लावून जिना उतरावा तसं. "मी इथून चाललो होतो. माझा पाय इथे होता." त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने जमिनीवरची जागा दाखवली. "यांनी खुर्ची मागे घेतली. मागे बघितलं नाही. चूक तिथे झाली."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही तसंच. मी रस्त्याच्या माझ्या बाजूने चाललो होतो. पाव होते टोपलीत. डॉक्टरांनी दार उघडलं. मागे बघितलं नाही." मग त्यांना डॉक्टरांचं वाईट वाटलं. "एरवी माणूस फार चांगला आहे. कवळी फार छान बसवून दिली आहे."

"मग तेव्हा 'माझंच चुकलं' का म्हणालात?"

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो," अप्पा म्हणाले. "आत्ता यांनाही म्हणालोच की."

बाईंनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. कंपनीच्या माणसाने आपल्या खुर्चीच्या चाकाकडे पाहिलं. आणि डॉक्टरांचं तोंड उघडलं.

"अप्पा बोलतायत ते खरं आहे," ते म्हणाले. "मी बघितलं नाही. मला त्याच दिवशी सांगायचं होतं."

"डॉक्टर, आपलं काय ठरलं होतं?" कंपनीचा माणूस कळवळला. "तोंड…"

"अहो, दिवसभर लोकांना आ करा, आ करा म्हणतो मी! इतके दिवस तोंड मिटून बसलो, माझाच जबडा दुखायला लागला. अप्पांनी माझं दार पुसलं हो! मोडक्या हाताने पुसलं. मला रोज ते दार उघडावं लागतं."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांनी जे सांगितलं ते फार लांबलचक नव्हतं. गाडी उभी असली तरी दार उभं नव्हतं. दार उघडणाऱ्याने आधी मागे बघायचं असतं. रस्ता सायकलवाल्याचाही तेवढाच असतो. आणि धक्का बसलेला माणूस सभ्यपणे दोन शब्द बोलला, तर ती त्याची कबुली होत नाही, तो त्याचा स्वभाव असतो. हात, औषधं, चाक, चिमटा, सगळं कंपनीने भरून द्यावं. "आणि मानेचं काही नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"नको नको," काकू घाईघाईने म्हणाल्या. "माझी आता बरी आहे."

न्यायमूर्ती मात्र जागचे हलेनात. निकाल संपला, बाई उठल्या, तरी ते तसेच उभे. शेवटी मुलीने त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा ते अप्पांच्या कानाशी लागून म्हणाले, "असा शेवट असतो होय! मी पहिल्यांदाच ऐकला."

जिना उतरताना सायकल पुन्हा तिघांत धरली. मुलगी पुढे होती. ती काही बोलत नव्हती. शब्द दिला होता, तो पाळत होती. पण खाली आल्यावर तिने वाकडं चाक टेम्पोला टेकवलं आणि सीटच्या कव्हरवरची धूळ तळहाताने झटकली.

"आईने ऐकायला हवं होतं आज," ती म्हणाली. शब्द देताना हा विषय त्यात धरायचा तिच्याकडून राहिला होता.

"हं," अप्पा म्हणाले. मग सीटवरून हात फिरवत, "ती म्हणाली असती, एवढा वेळ लागला होय?"

सायकलवाल्याने नवं चाक बसवलं, चिमटा बदलला. सीटला हात लावायचा नाही असं अप्पांनी त्याला आधीच सांगितलं होतं. प्लास्टर निघालं, आणि पुढे हातात कप नीट धरता यायला लागला तेव्हा पहिल्या सकाळी ते पाव आणायला निघाले. निघताना खोलीत मोकळा झालेला सोफा बघून क्षणभर कसंतरी झालं. पण खाली सायकल उभी होती आणि टायरमध्ये हवा होती.

मग रोजच जाऊ लागले. असंच एकदा परत येताना दवाखान्यासमोर डॉक्टरांची गाडी लागलेली दिसली. अप्पांनी वेग कमी केला. गाडीत डॉक्टर बसले होते, पण अंग असं पिळून मागे वळले होते की त्यांचं तोंड पूर्ण मागच्या काचेकडे होतं. मागून एक बाई आल्या, त्यांना जाऊ दिलं. एक दूधवाला आला, त्यालाही जाऊ दिलं. अप्पा दिसल्यावर त्यांनी काचेतूनच हाताने त्यांना पुढे या अशी खूण केली. ते पुढे आल्यावर काच खाली केली.

"काय हो अप्पा, आज उशीर? तुम्ही येऊन गेल्याशिवाय मी दार उघडत नाही. आत एक जण दाढ धरून बसलाय!"

"माझंच…" अप्पांनी सुरुवात केली.

मग ते थांबले. एक पाय जमिनीवर टेकवला. खरंच विचार केला.

"पंक्चर होतं," ते म्हणाले. "मागचं चाक. खिळा घुसला होता." आणि वाकून त्यांनी टायरवर बोट ठेवून नेमकी जागा दाखवली.

डॉक्टरांनी ती नीट बघून घेतली. अप्पांनी बेल वाजवली आणि पाव घेऊन ते आपल्या बाजूने पुढे गेले.